व्हीआर हेडसेटवर सिरिंज पंप शिकवताय? या चुका टाळा

सोलापुरातल्या एका रुग्णालयात आम्ही सिस्टर लोकांना व्हीआरवर, म्हणजे हेडसेटमधल्या आभासी जगात, सिरिंज पंप (सिरिंजमधलं औषध ठरलेल्या दराने हळूहळू देणारं यंत्र) शिकवला. हेडसेटमध्ये सगळ्या पास. दोनच दिवसांनी वॉर्डात खरा पंप लावला आणि ऑक्लुजनचा, म्हणजे नळी तुंबल्याचा, अलार्म काही थांबेना. दर तपासला, सिरिंज काढून परत बसवली, तरी तेच. शेवटी मावशींनीच बोट दाखवलं: थ्री-वे (नळीवरची तीन तोंडांची तोटी) बंद! हेडसेटमधल्या पंपाला थ्री-वेच नव्हता, मग तो बघायची सवय लागणार कुठून?

त्याहून मोठी चूक पुढे होता होता राहिली. अलार्म वाजेपर्यंत नळीत दाब साठलेला असतो. तशात थ्री-वे धाडकन पेशंटकडे उघडला, तर साठलेलं औषध एकदम आत जातं. नॉरअ‍ॅड्रिनलीन (बीपी वाढवणारं औषध) चालू असेल तर बीपी कुठच्या कुठे जाईल. पंप थांबवायचा, पेशंटची बाजू बंदच ठेवून दाब बाहेर सोडायचा, मग सुरू करायचं. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हा प्रसंग नसेल तर तो तोंडी आणि हातांनी शिकवा.

हेडसेट क्रम छान शिकवतो, पण हात शिकवत नाही. सिरिंजचा दट्ट्या पंपाच्या खाचेत नीट बसला की मध्ये फट राहिली, हे बोटांनाच कळतं. तासाला एक-दोन मिलीसारख्या कमी दरात ही फट नडते. पंप 'चालू' दिसतो, पण तो आधी फट भरतो, औषध उशिरा पोचतं. म्हणून पेशंटला जोडण्याआधी पर्ज करायचं, म्हणजे पंपाने थोडं औषध ढकलून ही फट भरून घ्यायची. हेडसेट उतरवला की त्याच दिवशी खऱ्या पंपावर, सिरिंजमध्ये साधं सलाईन भरून, प्रत्येकीला निदान दहा मिनिटं द्या. आणि पंप वॉर्डात आहे तोच घ्या. बहुतेक ठिकाणी दोन-तीन कंपन्यांचे पंप असतात, बटणं वेगळी. (खरेदीच्या वेळी हे कुणी विचारत नाही.)

आता हेडसेटच्या कुरबुरी. धूसर दिसतंय म्हणून लेन्स पुसत बसू नका, आधी पट्टा नीट बसलाय का ते आणि दोन लेन्समधलं अंतर बघा. मेटाच्या क्वेस्ट २ हेडसेटमध्ये या अंतराचे ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर असे तीनच टप्पे आहेत. लेन्स कोरड्या मायक्रोफायबर कापडानेच पुसा. सॅनिटायझर लावलात तर कोटिंग खराब होतं. चेहऱ्याला लागणारा भाग मात्र प्रत्येकीनंतर पुसायलाच हवा, नाहीतर डोळे आल्याची साथ आपणच पसरवू.

हातात धरायचा कंट्रोलर पडद्यावर हवेत भरकटतोय? खोलीत अंधार असेल किंवा समोर कोरी पांढरी भिंत. लाईट लावा, भिंतीवर चार पोस्टर चिकटवा. ऊन आत येऊ देऊ नका. लेन्समधून सूर्यप्रकाश गेला तर पडद्यावर कायमचे डाग पडतात. आपल्याकडे एप्रिल-मे म्हणजे चाळिशीपार पारा. हेडसेट तापून बंद पडतो, त्यामुळे प्रशिक्षण सकाळीच उरका.

गरगरतंय म्हणणाऱ्या सिस्टरला "सवय होईल" म्हणू नका. नाईट ड्युटी करून उपाशीपोटी आलेलीला तर बसवूच नका. पहिली फेरी दहा-पंधरा मिनिटांची, बसून.

अपडेट आदल्या रात्री करून ठेवा. वीस जणी खुर्च्यांवर आणि पडद्यावर डाऊनलोडची पट्टी, हे आम्ही एकदा भोगलंय.