सलाईन चालू असताना रक्त कुठून घ्यावं?

मे महिन्यात रावेर-यावलकडचा केळीबागेतला मजूर उन्हानं कोसळून कॅज्युअल्टीत येतो, तेव्हा त्याच्या हाताला प्राथमिक आरोग्य केंद्रातच सलाईन लागलेलं असतं. "त्याच हातातून घ्या, पटकन होईल" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

दुसरा हात मोकळा असेल तर तिथूनच घ्या. दंडाला बांधायचा पट्टा (टूर्निके) मिनिटाच्या वर नको. "नाना, मूठ उघडझाप करा" हे सांगणंही सोडा, त्यानं पोटॅशियम खोटं वाढतं.

खरी पंचाईत दोन्ही हातांना सलाईन असताना होते. सलाईनच्या सुईच्या वर, खांद्याकडच्या बाजूला, कधीच टोचायचं नाही. तिथल्या रक्तात बाटलीतलं पाणी मिसळलेलं असतं. डेक्स्ट्रोज (साखरेचं सलाईन) चालू असेल तर साखर भलतीच चढलेली दिसते आणि ती खरी मानून इन्सुलिन दिलं तर माणूस जिवाला मुकू शकतो. नॉर्मल सलाईन असेल तर क्लोराइड वाढतं, हिमोग्लोबिन आणि पोटॅशियम घसरलेलं दिसतं.

म्हणून डॉक्टरांना विचारून सलाईन बंद करा. निदान २ मिनिटं, आणि तीही घड्याळ बघून. नातेवाईक कितीही घाई करोत. पट्टा सलाईनच्या जागेखाली, मनगटाकडे बांधा आणि त्याच्याही खाली टोचा. पहिलं ५ मिली रक्त टाकून द्या. बीपी टिकवायचं औषध त्या लाइनमधून चालू असेल तर मात्र हात लावू नका. अशा वेळी डॉक्टरांनी जांघेतून घ्यावं.

नव्या इंट्राकॅथमधून (शिरेत ठेवायची सलाईनची नळी) सलाईन जोडण्याआधी घेतलेलं रक्त चालतं, पण सिरिंजचा पिस्टन हळू ओढा. जोरात ओढला की तांबड्या पेशी फुटतात, सिरम गुलाबी होतं आणि पोटॅशियम पुन्हा खोटं.

शिरच सापडली नाही आणि हाडात सुई घातली, तर औषध सोडण्याआधीच घ्या. पहिले २ मिली टाकून द्या. हिमोग्लोबिन, युरिया, क्रिएटिनिन साधारण जुळतात. पांढऱ्या पेशी जास्त आणि प्लेटलेट कमी येतात, पोटॅशियमवर तर विसंबूच नका.

बल्बांचा (रक्त भरायच्या नळ्यांचा) क्रम, झाकणाच्या रंगानं: निळा, लाल, जांभळा. जांभळ्यातलं रक्त लालमध्ये ओतू नका. त्यातल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणारं रसायन) पोटॅशियम वाढतं, कॅल्शियम पडतं.

शॉकमध्ये बोट थंडगार असेल तर ग्लुकोमीटरचा आकडा धरू नका, शिरेतून साखर पाठवा.

शेवटी फॉर्मवर लिहा: "डावा हात, सलाईनखालून, २ मिनिटं बंद." रुग्ण पुढे धुळ्याला किंवा जळगावला गेला तर तिथल्या डॉक्टरांना आकडा कितपत धरायचा ते यावरूनच कळतं.