पायरी न फोडता जिन्याचा कठडा नवा करायचा तर

ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या कुठल्याही रो-हाऊसचा जिना आठवा. कोट्याच्या नाहीतर मोझॅकच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीत रोवलेले दोन लोखंडी गज, वर सपाट पट्टी आणि पट्टीवर गरम पाण्यात मऊ करून चढवलेली तपकिरी प्लॅस्टिकची मूठ. आता ती मूठ सांध्यांत फाटलीय, उन्हाळ्यात हाताला चिकटते. गजांवर रंगाचे इतके थर साचलेत की चौकोनी गज गोल दिसतात. फॅब्रिकेटरला बोलावलं की तो जिना वर चढायच्या आधीच सांगतो, "सगळं काढून टाकू, स्टीलचं बसवू."

लगेच हो म्हणू नका. गज पायरीत सिमेंटने पक्के बसलेले असतात. उपटायला गेलं की फरशी तडकते, जुन्या मोझॅकचा रंग कुठे जुळत नाही, आणि कठडा राहतो बाजूला, चौदा पायऱ्यांना ग्रॅनाइट लावायची वेळ येते. त्यापेक्षा गज जागेवरच राहू द्या आणि त्यांच्यावर नवे पोकळ पाइप चढवा. (गजांमध्ये वेलबुट्टी किंवा जाळी असेल तर हे जमणार नाही. तशी जाळी खरवडून रंगवून घ्यावी, तीच छान दिसते.)

आधी एकेक गज मुठीत धरून हलवून बघा. पायरी पुसताना पाणी गजाच्या बुडाशीच मुरतं, म्हणून तिथले पोपडे खिळ्याने टोकरा. नुसता हलत असेल तर भोवतीचा भुगा काढून एपॉक्सी भरता येतं. निम्मा सडलेला गज मात्र बदलावाच लागतो. असे दोन-तीन निघाले तर चालतं. अर्धा कठडाच तसा निघाला तर हा उपाय सोडून द्या.

मग उंची मोजा, आणि ती पायरीच्या पुढच्या कडेपासून सरळ वर. पुष्कळ घरांत जुन्या पायऱ्यांवर नंतर ग्रॅनाइट चढवलेला असतो. मसाला आणि दगड मिळून दीड-दोन इंच पायरी वर येते, कठडा होता तिथेच राहतो. आमच्याकडे टेप लावली तेव्हा जेमतेम ३१ इंच भरले. मुळात तो ३३ इंचांचा असणार. निदान ३६ इंच तरी हवेत, म्हणजे नवे पाइप जुन्या गजांपेक्षा तेवढे उंच घ्यायचे.

गजांमधल्या फटीचा हिशोब इथेच होतो. १० इंची पायरीवर दोन गज म्हणजे दर १२७ मिलिमीटरला एक. जुना गज १२ मिलिमीटरचा, म्हणून फट ११५ची. रांगणाऱ्या पोराचं डोकं अडकेल इतकी. एक इंची, म्हणजे २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप घातला की तीच फट १०२वर येते, चार इंच. म्हणून पाऊण इंची नको, एक इंचीच घ्या. सध्या दिसणारे स्टीलचे आडवे पाइप तर घरात लहान मूल असेल तर नकोतच, त्याच्यासाठी ती शिडीच होते.

एकाच पायरीवरचे दोन पाइप सारखे नसतात. ७ इंच चढ आणि १० इंच पायरी असेल तर मागचा साडेतीन इंचांनी लांब, म्हणजे पुढचा ३६ तर मागचा ३९.५. २० फुटी पाइपातून अशा तीन जोड्या निघतात. चौदा पायऱ्यांना पाच पाइप पुरतात. १.६ मिलिमीटर जाडीत हे सगळं पस्तीस-छत्तीस किलो भरतं. आकडा आधी माहीत असला की किलोवर भाव ठरवताना गप्प बसावं लागत नाही.

रंग खरवडायचा तो पाणी मारून, मास्क लावून, मुलांना दुसरीकडे पाठवून. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७पासून आली. तुमच्या गजांवरचे बहुतेक थर त्याआधीचे, म्हणजे त्यांत विषारी शिसं असू शकतं.

कापायचं ते पट्टीच्या अगदी खालून, पातळ डिस्कने, म्हणजे पट्टी अखंड सुटते. ती भंगारात देऊ नका. तिचा उतार आणि लांबी तुमच्याच जिन्याची आहे, घासून तीच परत वर लावायची. ग्राइंडर सुरू व्हायच्या आधी पायऱ्यांवर ओलं गोणपाट आणि खिडकीच्या काचांवर पुठ्ठा हवा. ठिणगीतला लोखंडाचा कण काचेत रुततो तो निघत नाही, आणि फरशीवर पडलेला पहिल्या पावसात गंजून तांबडा ठिपका सोडतो. माझ्या खालच्या दोन पायऱ्यांवर ते ठिपके अजून आहेत.

गजांना रेड ऑक्साइड मारून वाळू द्या, मग पाइप चढवा. आत पोकळी उरते, म्हणून बुडाशी पट्टीच्या तुकड्यांच्या पाचरी ठोका आणि फट एपॉक्सीने बुजवा. ओळंबा लावून प्रत्येक पाइप उभा करायचा, वर पट्टी टेकवून आधी नुसते टाके मारायचे, खालून वर एकदा नजर टाकायची आणि मगच पक्कं वेल्डिंग. घरात वयस्कर माणूस असेल तर एका दिवशी जिन्याचा एकच टप्पा घ्या, उघड्या बाजूला दोरी बांधून.

हात फिरतो ती वरची मूठ मात्र लाकडीच करा, पैसे वाचवायची जागा ती नाही. नवा सागवान परवडत नसेल तर पाडलेल्या वाड्यांच्या चौकटी पुण्यात भवानी पेठेच्या टिंबर मार्केटकडे, मुंबईत ओशिवऱ्याला शोधा. खिळे सगळे उपटून न्या. एक राहिला तरी आरा मशीनवाला चौकट परत करतो. अडीच इंच रुंद, कडा गोल, खाली पट्टी बसेल एवढी खाच. पट्टीला फुटाफुटावर भोकं पाडून स्क्रू खालून मारायचे. वळणावर लाकूड तिरकं कापून जोडताना सुताराला घाई करू देऊ नका, सांधा उघडा राहिला तर हाताला तोच लागतो.

लोखंडाला ऑइल पेंटचे दोन हात द्या, लाकडाला पॉलिश. पॉलिश चढायच्या आधी डोळे मिटून एकदा वरपासून खालपर्यंत मुठीवरून हात फिरवा. जिथे अडकेल तिथे पुन्हा पॉलिश पेपर.