गोळी अजून किती वर्षं? डॉक्टरांकडे जाण्याआधीची तयारी

मागच्या खेपेला दादरच्या दवाखान्यात बाकड्यावर सव्वा तास बसले. आत गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "काय, बरं आहे ना?" मी म्हटलं, "हो, बरं आहे," आणि सहा महिन्यांची चिठ्ठी घेऊन बाहेर आले. ट्रेनने माटुंगा सोडल्यावर आठवलं की विचारायचं होतं ते राहूनच गेलं. पाळी गेल्यावर अंगातून वाफा येतात, त्यासाठी घेते ते हार्मोन अजून किती वर्षं घ्यायचे? वय ५८, पाळी जाऊन सात वर्षं झाली, औषध सुरू करून सहा. आता परवा पुन्हा नंबर लावलाय, आणि यंदा आठवडाभर आधीपासून तयारीला बसले आहे.

सगळ्यात आधी तारखा. शेवटची पाळी कधी आली हे "असंच, गणपतीच्या आसपास" असं सांगून चालत नाही, कारण बारा महिने पाळी आली नाही की मगच ती गेली असं धरतात, आणि पुढचा सगळा हिशेब तिथून सुरू होतो. साधारण साठीच्या आत किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत औषध सुरू केलं तर फायद्याचं पारडं बहुतेकींच्या बाबतीत जड असतं. त्यानंतर नव्याने सुरू करायचं म्हटलं तर डॉक्टर दहादा विचार करतात. मी माळ्यावरची जुनी कालनिर्णयं काढली. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी लाल फुल्या होत्या. शेवटची फुली सापडली तेव्हा उगाच जरा वेळ तशीच बसून राहिले.

मग औषधं. "ती पांढरी गोळी आणि ते जेल" असं सांगू नका. रिकाम्या स्ट्रिपा आणि जेलची बाटलीच पिशवीत टाका. किती मिलिग्रॅम, रोज की महिन्यातले ठरावीक दिवस, जेलचे किती पंप, दंडाला की मांडीला, हे लिहून ठेवा. आणि चुकलेलंही लिहा, हे महत्त्वाचं. माझ्या जेलमध्ये इस्ट्रोजेन हे हार्मोन आहे आणि गोळी प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनची. त्या गोळीने मला गुंगी येते म्हणून लग्नकार्याच्या दिवसांत मी ती गोळी सर्रास टाळते. पिशवी, म्हणजे गर्भाशय, शाबूत असताना नुसतं इस्ट्रोजेन घेतलं की आतलं अस्तर जाड होत जातं आणि तिथल्या कॅन्सरचा धोका वाढतो. त्याला आवर घालायलाच ती दुसरी गोळी असते. चोरून टाळण्यापेक्षा डॉक्टरांना सांगितलं तर रात्री झोपताना घ्यायला सांगतात, किंवा प्रकार बदलून देतात.

पिशवी काढलेली असेल तर डिस्चार्ज कार्ड शोधा. अंडाशयंही काढली का, हे आपल्याकडच्या निम्म्या बायकांना ठाऊक नसतं असा माझा अंदाज आहे. "सगळं काढलं" एवढंच घरात सांगितलेलं असतं.

थायरॉइड, बीपी, साखर यांच्या गोळ्या, कुणी दिलेलं चूर्ण, काढा, सगळं त्याच कागदावर. इस्ट्रोजेन तोंडावाटे घेत असाल तर थायरॉइडच्या गोळीचा डोस कधी कधी वाढवावा लागतो. जेलबद्दल मला एक घरगुती प्रश्न विचारायचा आहे: नात सारखी अंगाला चिकटते. लावलेली जागा पूर्ण सुकेपर्यंत आणि त्यानंतरही काही वेळ कुणाची कातडी तिथे लागू नये असं सांगतात, पण ऑक्टोबरच्या उकाड्यात मुंबईत काय सुकतंय?

माहेरचा इतिहास फोन करून विचारा, आणि नीट खोदून विचारा. "गाठ होती" म्हणजे कुठे, कोणत्या वयात? पायात रक्ताची गुठळी, पक्षाघात, हार्ट अटॅक कुणाला? स्वतःला स्तनाचा कॅन्सर, गुठळी, पक्षाघात किंवा यकृताचा मोठा आजार झालेला असेल तर हे औषध सहसा देत नाहीत, त्यामुळे ते आधीच सांगायचं. माझ्या मावशीने अर्धा तास घेतला, त्यातली वीस मिनिटं वाटणीची होती. पण आजीने पंचाहत्तरीत न्हाणीघरात पडून खुब्याचं हाड मोडून घेतलं होतं, हे मला तिच्याकडूनच कळलं. हे डॉक्टरांना हवं असतं, कारण औषध हाडं राखतं आणि थांबवल्यावर हाडांची झीज पुन्हा सुरू होते. माझा डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट दोन वर्षांपूर्वीचा. त्यातला घनतेचा आकडा, टी-स्कोअर, उणे १.८. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. मॅमोग्राफीचे, म्हणजे स्तनांच्या एक्स-रेचे, जुने आणि नवे दोन्ही रिपोर्ट न्यायचे, म्हणजे शेजारी ठेवून बघता येतात. आठवडाभराचं बीपी घरी मोजून लिहिलं तर उत्तमच, दवाखान्यात माझं हमखास वाढतं.

आता भीतीचं. जाऊबाई म्हणतात, "त्याने कॅन्सर होतो, सोडून दे." ही धास्ती मुख्यतः अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या अभ्यासातून पसरली. २००२ साली त्यातला दोन हार्मोनचा भाग मध्येच थांबवला. आकडे असे: वर्षाला १०,००० बायकांमागे स्तनाच्या कॅन्सरचे ३० ऐवजी ३८ रुग्ण, पक्षाघाताचे २१ ऐवजी २९, पण खुब्याचं हाड मोडण्याचे १५ ऐवजी १०. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं आणि औषध म्हणजे घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन, म्हणजे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम औषध, दोन्ही गोळीतून. माझं जेल वेगळं. कातडीतून जाणाऱ्या इस्ट्रोजेनने गुठळीचा धोका गोळीसारखा वाढलेला दिसत नाही. म्हणून धोका शून्य असं नव्हे. दोन हार्मोन जितकी वर्षं घ्यावीत तितका स्तनाचा धोका थोडा थोडा वाढतो, आणि माझी सहा झाली आहेत. वयाच्या ६५ व्या वर्षी सगळ्यांनी बंदच करावं असं मात्र नाही, उत्तर अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीने २०२२ मध्ये तसं स्पष्ट म्हटलं आहे. दरवर्षी नव्याने हिशेब मांडायचा.

म्हणून प्रश्न चारच लिहिलेत, ठळक, पहिल्याच पानावर. माझ्यासाठी धोका नेमका किती? डोस कमी करून बघायचा का, आणि वाफा परत आल्या तर? बंद केलं तर हाडांसाठी काय? आणि कोरडेपणापुरतं योनीत लावायचं क्रीम एकटं पुरेल का? हा चौथा प्रश्न तोंडाने विचारायला जड जातो म्हणूनच लिहिलाय, वेळ आलीच तर वही पुढे सरकवेन. सोबत ह्यांना न्यायचं की नाही यावर घरात खल झाला. ते बाहेर बसतील, चहा पितील.

तोवर स्वतःच्या मनाने काही बंद करायचं नाही. पण पाळी गेल्यावर अंगावरून रक्ताचा डागही दिसला तर तारखेची वाट न बघता आधीच फोन करायचा, सोनोग्राफीत अस्तराची जाडी बघतात. एका पोटरीला अचानक सूज येऊन दुखू लागलं किंवा दम लागला तर दवाखान्याचा नंबर लावत बसायचं नाही, सरळ कॅज्युअल्टी गाठायची. हे दोन्ही फ्रिजवर चिकटवलंय, आमच्या सूनबाईंना दिसेल असं.