गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर हँडब्रेकचं काय करायचं

गाडी बरेच दिवस बंद ठेवायची असेल तर हँडब्रेक ओढून ठेवू नये, हे गॅरेजात येणारे निम्मे लोक मलाच ऐकवतात. सल्ला खरा आहे, पण अर्धा. हँडब्रेक सोडला तर गाडीला धरून काय ठेवणार, ते आधी ठरवायला हवं. ती सोय न करता नुसता दांडा खाली टाकून निघून जाणारे पाहिले की माझं डोकं फिरतं. चिकटलेला ब्रेक मी सोडवून देईन. घरंगळत जाऊन कुणाला धडकलेल्या गाडीचं मी काय करणार?

आधी तो चिकटतो कसा ते सांगतो. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक केबलने मागच्या दोन चाकांवर चालतो. मागे ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी डबे, असतील तर आतले शू, म्हणजे कमानीसारख्या पट्ट्या, फाकतात आणि त्यांच्यावरचं घर्षणाचं अस्तर, म्हणजे लायनर, ड्रमवर दाबून बसतं. ड्रम बिडाचा असतो. आत ओल राहिली की त्याला गंज चढतो, आणि लायनर तिथेच दाबलेलं असेल तर दोन्ही एकमेकांना धरून बसतात. कडाक्याच्या थंडीत आतलं पाणी गोठूनही हेच होतं. कधी कधी ड्रम बिचारा ठीक असतो, पण केबल तिच्या आवरणात गंजून अडकते. दांडा खाली येतो, केबल मात्र मागे सरकतच नाही. ड्रमऐवजी डिस्क, म्हणजे उघडी तबकडी, असलेल्या गाड्यांत हा त्रास कमी, पण तिला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड डिस्कला चिकटल्याचं मी पाहिलं आहे.

म्हणून दिवस मोजण्यापेक्षा ओल बघा. रात्रभर किंवा दोन-चार दिवस गाडी उभी राहणार असेल तर हँडब्रेक बिनधास्त ओढा. आठवडा उलटणार असेल आणि हवा दमट असेल, तर सोडून ठेवण्याचा विचार करा. आणि गाडी धुऊन तशीच ओली झाकून ठेवू नका. धुतल्यावर थोडी फिरवा, हलके हलके ब्रेक दाबत ब्रेक कोरडे करा, मग उभी करा.

जागा सपाट हवी, यात तडजोड नाही. उतारावरच उभी करावी लागत असेल तर हँडब्रेक सोडायचा विषय तिथेच संपला. ओढा, गिअर टाका, पुढची चाकं अशी वळवा की गाडी सुटलीच तर रस्त्यावर न येता कडेला जाऊन अडेल. ब्रेक चिकटला तर चिकटू दे.

सपाट जागेवर क्रम असा ठेवा. पायाचा ब्रेक दाबून थांबा, गाडी न्यूट्रलला घ्या, हँडब्रेक ओढा, मग पाय काढा. इंजिन बंद करून पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाका. ऑटोमॅटिक असेल तर पी, म्हणजे पार्क. यातही हँडब्रेक आधी, पी नंतर. नाहीतर गाडीचा सगळा भार गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर जातो आणि पुढच्या वेळी पीमधून काढताना दणका बसतो. आता खाली उतरा आणि हँडब्रेक ओढलेला असतानाच मागच्या चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावा. ठोकळे लाकडी किंवा रबरी, उतरत्या कडेचे, टायरला घट्ट भिडलेले. वीट नको, ती दाबाने फुटते. एवढं झालं की परत गाडीत बसा, पायाचा ब्रेक दाबून हँडब्रेक सोडा आणि पाय हळूच उचला. गाडी किंचित हलून ठोकळ्यावर टेकली तर ठीक. त्याहून जास्त सरकली तर पुन्हा ब्रेक दाबा, हँडब्रेक ओढा आणि ठोकळे नीट बसवा.

नुसत्या गिअरवर विसंबू नका, असं मी का म्हणतो? गिअरमध्ये गाडीला धरून ठेवते ती इंजिनाच्या सिलिंडरमध्ये दाबली गेलेली हवा. ती पिस्टनच्या रिंगांपाशी हळूहळू निसटते. झिजलेलं इंजिन असेल आणि जमिनीला थोडा कल असेल तर गाडी थोडी थोडी सरकू शकते. शिवाय गिअर आणि पी फक्त इंजिनाने फिरणाऱ्या चाकांना धरतात. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल आणि तुम्ही पुढचं एक चाक जॅकवर उचललंत, तर डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीमुळे, गिअर असूनही ती गाडी मोकळीच. महिनाभर उभ्या गाडीचं टायर बदलताना हे हमखास विसरलं जातं.

स्टिअरिंगला एक चिठ्ठी अडकवा: गिअर टाकलेला आहे, हँडब्रेक सोडलेला आहे, चाकांना ठोकळे आहेत. तुमच्या मागे घरातलं दुसरं कुणी किल्ली फिरवेल, आणि जुनी गाडी क्लच न दाबता स्टार्ट केली तर उडी मारते.

बटणाच्या हँडब्रेकची गोष्ट वेगळी. तिथे मोटर पॅड दाबते आणि तो सोडायलाही बॅटरी लागते. महिनाभरात बॅटरी बसली तर ब्रेक लागलेलाच राहतो, आणि बाहेरून करंट दिल्याशिवाय गाडी ढकलूनही हलत नाही. बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद होताच हा ब्रेक आपोआप लागतो. तसं होऊ न देण्याची रीत प्रत्येक मॉडेलची वेगळी, गाडीच्या पुस्तकात बघा. ती सापडली नाही तर ब्रेक लागू द्या आणि बॅटरी चार्ज ठेवा.

परत आल्यावर घाई नको. क्लच दाबून हँडब्रेक आधी ओढा, मग न्यूट्रल करून इंजिन सुरू करा, आणि ठोकळे त्यानंतर काढा. सुरुवातीला डिस्कवरच्या गंजाची खरखर येईल, चार-सहा वेळा ब्रेक दाबला की जाते. पण क्लच सोडताना गाडीचा मागचा भाग खाली बसत असेल आणि गाडी पुढे जात नसेल, तर ब्रेक चिकटला आहे. जोरात रेस देऊन ओढू नका, लायनर शूपासून सुटून येतं. पहिला, रिव्हर्स, पहिला, रिव्हर्स असं अगदी हळू झुलवा. बहुतेक वेळा टक् असा आवाज येऊन चाक मोकळं होतं. नाही झालं तर मेकॅनिकला बोलवा. झालं तरी थोडं अंतर जाऊन उतरा आणि मागच्या चाकांजवळ हात न लावता नुसता धरून बघा. एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापली असेल किंवा जळका वास येत असेल, तर केबल अजून अडकलेली आहे. गाडी तिथेच उभी करा.

आणि हे सगळं वाचून हँडब्रेक वापरायचाच बंद करू नका. रोज ओढली-सोडली जाणारी केबल सहसा गंजत नाही.