राजकारणी माणूस राज्यपाल झाला की त्याचा परिचय कसा लिहायचा (राम नाईकांचं उदाहरण घेऊन)

एमपीएससीवाली पोरं, पेपरात नवीन लागलेले वार्ताहर, आणि स्मरणिकेसाठी "तुम्ही बरं लिहिता हो, तुम्हीच लिहा" म्हणून पकडलेले काका, हे सगळे राज्यपालांचा परिचय एकाच साच्यात पाडतात. जन्म, शिक्षण, मग पदांची रांग, आणि शेवटी "सध्या ते अमुक राज्याचे राज्यपाल आहेत" की झालं काम. वाचून संपतं आणि तो माणूस नेमका होता कसा ते काही कळत नाही.

म्हणून भाजपचे नेते आणि उत्तर प्रदेशचे माजी राज्यपाल राम नाईक घेऊ, आपल्या माहितीतले आहेत आणि मटेरियलही भरपूर मिळतं.

सुरुवात राजभवनापासून करू नका, पहिल्या निवडणुकीपासूनही नको. त्याआधी हा माणूस काय करत होता ते शोधा. नाईकांचा जन्म 16 एप्रिल 1934, सांगलीचा, लहानपण आटपाडीत, पुण्यात बीकॉम, मग मुंबईत एलएलबी, अकाउंटंट जनरलच्या ऑफिसात नोकरी आणि नंतर खासगी कंपनीत. एवढं दोन ओळींत उरका. थांबायचं कुठे, तर 1964 मध्ये, कारण त्या वर्षी त्यांनी गोरेगाव प्रवासी संघ काढला, म्हणजे लोकलने जाणाऱ्या लोकांची संघटना. आमदारकी अजून चौदा वर्षं लांब होती बरं का. म्हणजे या माणसाच्या राजकारणाचं मूळ तक्रार लिहून घेणं, पत्र पाठवणं, उत्तर नाही आलं तर परत पाठवणं, यात आहे. 1978, 1980, 1985 ला बोरिवलीतून आमदार, 1989 पासून 1999 पर्यंत सलग पाच वेळा उत्तर मुंबईतून खासदार, आणि वाजपेयी सरकारात आधी रेल्वेचे राज्यमंत्री आणि मग पेट्रोलियम मंत्री, हे सगळं त्या 1964 च्या पुढे लावलं की आपोआप एका धाग्यात येतं, नाहीतर नुसती यादी.

इथे एक सवय पकडा. नाईक आमदार असल्यापासून दरवर्षी मतदारांना कामाचा अहवाल छापून द्यायचे. ही गोष्ट बाजूला लिहून ठेवा, पुढे लागणार आहे.

मग पराभव. परिचय लिहिणारे हे हमखास गाळतात, मला तर वाटतं राज्यपालाच्या बाबतीत पराभव सगळ्यात महत्त्वाचा, कारण बरेच जण तिथे पोचतात ते सक्रिय राजकारणाची दारं बंद होत आल्यावरच. 2004 ला नाईक हरले ते चक्क गोविंदाकडून, पेट्रोलियम मंत्री असताना, आणि 2009 ला संजय निरुपमांकडून अगदी थोडक्या मतांनी. 2014 ला त्यांनी निवडणूक लढवलीच नाही, उत्तर मुंबईतून गोपाळ शेट्टी उभे राहिले आणि जुलैत नाईक लखनौला गेले, वय 80. हा क्रम लिहिलात की टीका करायची गरजच राहत नाही, वाचणारा काय ते समजून घेतो.

अडचणीचा भागही घाला, पण पूर्ण घाला. पेट्रोलियम खात्यात गॅसची वेटिंग लिस्ट कमी झाली, कारगिलच्या शहिदांच्या घरच्यांना पंप आणि गॅस एजन्सी मिळाल्या, हे जसं लिहाल तसंच 2002 चं पंपवाटपाचं प्रकरणही लिहा, पार्टीच्या जवळच्या लोकांना पंप दिल्याचा आरोप झाला आणि सरकारने जानेवारी 2000 पासूनची सगळी वाटपं रद्द केली होती. आणि लगेच पुढची ओळ, की सरसकट रद्द करणं सुप्रीम कोर्टाने मान्य केलं नाही आणि वादातली प्रकरणं तपासायला समिती नेमली. यातलं अर्धंच लिहिलं की ते एकतर आरती होते नाहीतर शिमगा.

आता राजभवन. इथे क्रियापद सांभाळा, खरंच सांगतो, नव्वद टक्के गोंधळ क्रियापदाचा असतो. सरकारचा प्रत्येक आदेश राज्यपालांच्या नावाने निघतो, संविधानाचं कलम 166 बघा, त्यामुळे "राज्यपालांनी अमुक योजना सुरू केली" असं दिसलं की आधी विचारा, ती मंत्रिमंडळाने केली का? राज्यपालाचं स्वतःचं असं फार थोडं असतं, ते वेगळं काढा: विधेयकावर सही करायची की परत पाठवायचं की राष्ट्रपतींकडे धाडायचं, बहुमत स्पष्ट नसताना कोणाला बोलवायचं, विद्यापीठांचं कुलपतिपद, राष्ट्रपतींना जाणारा अहवाल. आणि "पाच वर्षांसाठी निवड" असं तर अजिबात लिहू नका. नेमणूक राष्ट्रपती करतात आणि राष्ट्रपतींची मर्जी असेपर्यंतच ती टिकते, पाच वर्षं ही साधारण मुदत. 2014 ला केंद्रात सरकार बदललं आणि नाईकांच्या आधीचे बी. एल. जोशी यांनी जूनमध्येच राजीनामा दिला, हे लिहिलं की मर्जी म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही.

यानंतरचा भाग सगळ्यात मजेचा, आणि नाईकांना निवडलं ते यासाठीच. त्यांनी दोन सरकारं पाहिली, मार्च 2017 पर्यंत अखिलेश यादवांचं आणि नंतर योगींचं. एक समोरच्या पार्टीचं, एक नाईकांच्याच जुन्या पार्टीचं. दोन कॉलम करा आणि सहीच्या प्रत्येक प्रकरणाची तारीख योग्य कॉलममध्ये टाका. 2015 मध्ये लोकायुक्तासाठी, म्हणजे भ्रष्टाचाराच्या तक्रारी तपासणाऱ्या पदासाठी, सरकारने एकच नाव पुन्हा पुन्हा पाठवलं आणि नाईकांनी फाईल पुन्हा पुन्हा परत केली, कारण हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश त्या नावाला राजी नव्हते, शेवटी सुप्रीम कोर्टानेच लोकायुक्त नेमला, आणि तेही आधी स्वतःच दिलेलं नाव मागे घेऊन जानेवारी 2016 मध्ये दुसरं दिलं. 2015 मध्येच विधान परिषदेवर नेमायची काही नावंही त्यांनी अडवली. आपल्याकडे तेव्हाचे राज्यपाल कोश्यारींनी 2020 ला आलेल्या 12 नावांवर काही निर्णयच दिला नव्हता, ते आठवत असेल. कारण देऊन फाईल परत पाठवणं आणि फाईलवर बसून राहणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि परिचयात त्या वेगळ्याच दिसल्या पाहिजेत. दुसऱ्या कॉलममध्ये काय येतं? उत्तर प्रदेश दिवस. 24 जानेवारी 1950 ला राज्याला हे नाव मिळालं, तो दिवस साजरा करा असं नाईक आधीच्या सरकारलाही सांगत होते, पण झालं ते 2018 मध्ये, योगींच्या काळात. सूचना तीच, राज्यपाल तेच, सरकार बदललं. बाबासाहेबांचं नाव सरकारी कागदावर "भीमराव रामजी" असं पूर्ण लिहायचा निर्णयही 2018 चाच, मागे लागणारे परत हेच, आणि वडिलांचं नाव मधे लावायची आपली मराठी पद्धत तिकडे लखनौत पोचवायला मराठी माणूसच लागला.

आता ती बाजूला ठेवलेली सवय. राजभवनातही दरवर्षी अहवाल निघत होता, "राजभवन में राम नाईक" नावाने, किती लोकांना भेटलो, किती पत्रं आली वगैरे. राज्यपालाला मतदार नसतात, हिशेब मागणारं कोणी नसतं, तरी हा माणूस छापतच राहिला. कोणी म्हणेल स्वतःचीच जाहिरात, कोणी म्हणेल शिस्त, दोन्ही म्हणता येईल. मला तरी तो गोरेगावचा प्रवासी संघवाला दिसतो.

शेवटी जुलै 2019, कार्यकाळ पूर्ण, आनंदीबेन पटेल आल्या, नाईक मुंबईत परत आणि पार्टीचं सदस्यत्वही परत. 2024 ला पद्मभूषण. एका ओळीत बसतं.

माहिती काढताना जन्मतारीख आणि मतदारसंघ लोकसभेच्या साईटवरून, मतांचे आकडे निवडणूक आयोगाकडून, आणि आत्मचरित्र असेल तर ते सगळ्यात शेवटी वाचा, आधी वाचलंत तर तुमचा लेख त्यांच्याच भाषेत बोलायला लागतो.