मायनर लीगच्या आकड्यांवरून होतकरू बॅटर कसा पारखावा

अमेरिकेतील मायनर लीग बेसबॉलमध्ये, म्हणजे सर्वोच्च मेजर लीगखालच्या स्पर्धांमध्ये, एखाद्या तरुणाची फलंदाजीची सरासरी (दर संधीमागे यशस्वी फटके, म्हणजे हिट) .320 दिसली की त्याला मेजर लीगचा भावी तारा ठरवण्याची घाई होते. माझ्या मते मात्र सरासरी सर्वांत शेवटी पाहावी. आधी वय आणि स्तर यांची सांगड घालावी. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए या चढत्या पायऱ्यांपैकी डबल-एमधील खेळाडू साधारणतः चोविशीच्या आसपासचे असतात. त्यामुळे माइक ट्राउटने 2011 मध्ये तेथे 19व्या वर्षी राखलेली .326 ही सरासरी आणि सव्विशीतल्या खेळाडूची तेवढीच सरासरी यांचे मोल सारखे नसते.

त्यानंतर स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणे) आणि वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा पहिला बेस) यांची टक्केवारी एकूण प्लेट अपिअरन्सवरून, म्हणजे फलंदाजीला येण्याच्या खेपांवरून, काढावी. हे दोन आकडे क्षेत्ररक्षकांवर अवलंबून नसतात, आणि स्ट्राइकआउटचे प्रमाण तर सरासरीपेक्षा कितीतरी लवकर स्थिरावते. खालच्या स्तरावरच हे प्रमाण तीस टक्क्यांवर असेल तर सावध व्हावे, कारण वरचे पिचर (गोलंदाज) तीच उणीव नेमकी हेरतात.

ताकद मोजण्यासाठी स्लगिंगमधून (दर संधीमागे फटक्यांनी मिळवलेले बेस) सरासरी वजा करावी; .200 किंवा अधिक उरल्यास ती ठळक समजावी. फटका बसून मैदानाबाहेर न जाता खेळात राहिलेल्या चेंडूंवरील सरासरी .300 च्या बरीच वर, समजा .390, असेल तर त्यात नशिबाचा वाटा असण्याची शक्यता मोठी.

लीग कोणती, हेही पाहावे. पॅसिफिक कोस्ट लीगमधील अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून 5,000 फुटांहून उंच आहे. तेथील विरळ हवेत चेंडू दूर जातो, म्हणून तेथील होमरन (चेंडू मैदानाबाहेर धाडणारे फटके) पाटा खेळपट्टीवरील शतकांसारखे जपून मोजावेत. फ्लोरिडा स्टेट लीगमध्ये उलट पिचरचे पारडे जड असते.

ब्रँडन वुडचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे. 2005 मध्ये 20व्या वर्षी त्याने फलंदाजांना अनुकूल अशा कॅलिफोर्निया लीगमध्ये 43 होमरन मारले, म्हणजे वयाच्या कसोटीलाही तो उतरला होता. परंतु पुढच्या वर्षी डबल-एमध्ये त्याचे स्ट्राइकआउट आणखी वाढले, आणि मेजर लीगमधील त्याची कारकीर्द .186 सरासरीवर संपली. म्हणूनच बढतीनंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत होमरनपेक्षा स्ट्राइकआउटच्या टक्केवारीवर लक्ष ठेवावे.