परदेशात घर घेण्यापूर्वी काय तपासावे

परदेशात घर घ्यायचे ठरले की पहिली चौकशी बहुधा किमतीची आणि परिसराची होते. वास्तविक ती सर्वांत शेवटी व्हायला हवी. त्या देशाचा कायदा परक्या नागरिकाला नेमके काय विकत घेऊ देतो, हे आधी समजून घ्यावे. कारण एकाच वस्तीतील दोन सारख्या घरांपैकी एक स्थानिक माणसाने घेतले आणि दुसरे परक्याने, तर दोघांच्या हाती येणारा हक्क सारखाच असेल असे नाही.

काही देशांत हा प्रश्न दारातच निकाली निघतो. कॅनडाने जानेवारी २०२३ पासून परदेशी नागरिकांना निवासी मालमत्ता घेण्यास बंदी घातली आणि पुढे तिची मुदत जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळासाठी आधीच बांधून झालेली घरे, काही अपवाद वगळता, परदेशी खरेदीदारांना बंद केली आहेत. सिंगापूरमध्ये फ्लॅट घेता येतो, परंतु एप्रिल २०२३ पासून परदेशी खरेदीदाराला नेहमीच्या मुद्रांक शुल्काशिवाय किमतीच्या ६० टक्के जादा शुल्क भरावे लागते. मोजक्या देशांच्या नागरिकांनाच त्यातून सूट आहे. जपानमध्ये परक्याला घर आणि जमीन दोन्ही घेता येतात, मात्र घर घेतले म्हणून तेथे राहण्याचा परवाना मिळत नाही. घरखरेदीच्या बदल्यात रहिवासाचा परवाना देणारी योजना पोर्तुगालने २०२३ मध्ये आणि स्पेनने एप्रिल २०२५ मध्ये बंद केली. जाहिराती मात्र कायद्याइतक्या लवकर बदलत नाहीत, म्हणून दलालाने दिलेल्या पत्रकावर विसंबण्यापेक्षा त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरील आजचा नियम वाचावा.

खरेदीची मुभा आहे एवढे कळून भागत नाही. हक्क कोणत्या जातीचा आहे, हेही पाहावे लागते. थायलंडमध्ये परक्याला सर्वसाधारणपणे जमिनीची मालकी मिळत नाही. फ्लॅटची मिळते, तीही त्या इमारतीतील एकूण विक्रीयोग्य क्षेत्रापैकी परकीयांची मालकी ४९ टक्क्यांच्या आत असेल तरच. बंगला हवा असेल तर जमीन भाडेपट्ट्याने घ्यावी लागते आणि पट्ट्याची कमाल मुदत ३० वर्षे आहे. विक्रेते ‘तीस अधिक तीस अधिक तीस’ असे नव्वद वर्षांचे गणित मांडतात. नोंदणी मात्र पहिल्या तीस वर्षांचीच होते आणि उरलेली साठ वर्षे केवळ आश्वासनावर अवलंबून असतात. मेक्सिकोत समुद्रकिनाऱ्यापासून ५० किलोमीटर आणि सरहद्दीपासून १०० किलोमीटरच्या पट्ट्यात निवासी घर परक्याच्या थेट नावावर होत नाही, ते बँकेच्या न्यासामार्फत (ट्रस्ट) घ्यावे लागते, म्हणजे कागदोपत्री मालक बँक असते. इंग्लंडमधील बहुतेक फ्लॅटही मुदतीच्या भाडेपट्ट्यावरच असतात, आणि भाडेपट्ट्याची शिल्लक वर्षे फार कमी झाली की अशा फ्लॅटवर कर्ज मिळणे आणि तो विकला जाणे, दोन्ही अवघड होते.

येथेच एक ‘सोपा’ मार्ग सुचवला जातो: स्थानिक माणसाच्या नावावर खरेदी करायची आणि त्याच्याकडून वेगळा करार लिहून घ्यायचा. या मार्गाच्या वाटेला जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यात याबाबत संदिग्धता ठेवलेलीच नाही. पूर्ण मालकी परक्याकडे आडमार्गाने पोहोचवणारा व्यवहार तेथे रद्दबातल ठरतो, जमीन सरकारजमा होते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. फसवणूक झाली तरी तक्रार करणाऱ्यालाच आधी स्वतःचा बेकायदा व्यवहार कबूल करावा लागतो.

त्यानंतर कागदपत्रांकडे वळावे. स्वतःचा वकील स्वतः शोधावा. विक्रेत्याने, बिल्डरने किंवा दलालाने सुचवलेला नको. युरोपातील अनेक देशांत खरेदीखत नोटरीसमोर होते, पण नोटरी हा कोणा एका पक्षाचा नसतो, त्यामुळे केवळ खरेदीदाराचे हित पाहणे हे त्याचे काम नव्हे. स्पेनचे उदाहरण घेऊ. तेथील नोंदणी कार्यालयाच्या उताऱ्यात मालमत्तेचे वर्णन, मालकाचे नाव व हक्काचे स्वरूप, आणि गहाण, जप्ती यांसारखे बोजे पाहायला मिळतात. वर्णनातील क्षेत्रफळ प्रत्यक्षाशी ताडून पाहावे. गच्चीवर चढवलेली खोली उताऱ्यात नसेल तर तिला परवानगी होती का, हे विचारावे. शिवाय इमारतीची देखभाल वर्गणी विक्रेत्याने थकवली असेल, तर चालू वर्ष आणि आधीची तीन वर्षे एवढ्या थकबाकीसाठी ते घर नव्या मालकाच्या हातातही जबाबदार राहते. म्हणून इमारतीच्या व्यवस्थापनाकडून थकबाकी नसल्याचा दाखला घेतल्याखेरीज सही करू नये. इसाराची रक्कम देण्यापूर्वी व्यवहार फिसकटला तर ती कोणाची, हे लेखी असावे, आणि अनोळखी भाषेतील करारनाम्याचा अनुवाद आपल्या खर्चाने करून घ्यावा.

बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पात हप्ते कोणत्या खात्यात जातात, हे पाहावे. दुबईत २००७ च्या कायद्यानुसार ते प्रकल्पाच्या स्वतंत्र एस्क्रो खात्यातच, म्हणजे त्या प्रकल्पासाठीच पैसे राखून ठेवणाऱ्या खात्यातच, भरले गेले पाहिजेत. बिल्डर दुसरे खाते सांगू लागला तर तेथेच थांबावे.

खर्चाचा हिशेब किमतीवर संपत नाही. मुद्रांक शुल्क, वकिलाची फी, वार्षिक मालमत्ता कर, विमा, देखभाल, आणि घर बंद असताना त्यावर लक्ष ठेवणाऱ्याचा मोबदला हे सारे त्यात धरावे. आपल्या देशातून किती रक्कम बाहेर पाठवता येते आणि परदेशातील मालमत्ता व भाडे कर विवरणपत्रात कसे दाखवायचे, याची चौकशीही आधीच करावी. चलनाकडे मात्र फार थोडे लोक लक्ष देतात. घराची किंमत तेथील चलनात २० टक्क्यांनी वाढली आणि तेच चलन आपल्या चलनाच्या तुलनेत २५ टक्क्यांनी घसरले, तर कागदावर नफा दिसत असताना प्रत्यक्षात १० टक्के तोटा झालेला असतो.

विक्रीची वाटही खरेदीपूर्वीच तपासावी. अमेरिकेत परदेशी मालक घर विकतो तेव्हा खरेदीदाराला सर्वसाधारणपणे विक्री रकमेच्या १५ टक्के, तर स्पेनमध्ये अनिवासी विक्रेत्याच्या किमतीतून ३ टक्के कापून कर खात्याकडे भरावे लागतात. ही कपात नफ्यावर नव्हे, तर पूर्ण रकमेवर होते. जादा कापलेला कर पुढे परत मागता येतो, पण तोवर तो पैसा अडकतो.

वारसाचा विषय लोक टाळतात, पण फ्रान्ससारख्या देशात त्याचा निर्णय खरेदीच्या वेळीच घ्यावा लागतो. तेथील कायद्याने मालमत्तेचा मोठा भाग मुलांसाठी राखीव असतो: एक मूल असेल तर निम्मा, दोन असतील तर दोन तृतीयांश, तीन किंवा अधिक असतील तर तीन चतुर्थांश. ऑगस्ट २०१५ पासून युरोपीय संघाच्या बहुतेक देशांत मृत्युपत्रात आपल्या नागरिकत्वाच्या देशाचा वारसा कायदा निवडता येतो, परंतु ती निवड स्पष्ट शब्दांत लिहिलेली असावी लागते, आणि फ्रान्सने २०२१ मध्ये मुलांच्या बाजूने काही बंधने घातल्यामुळे मसुदा तेथील वकिलाकडूनच करून घ्यावा. पती-पत्नी दोघांची नावे खरेदीखतावर कशा प्रकारे घालायची, हेही त्याच बैठकीत ठरवून टाकावे, कारण नोंदणी झाल्यानंतर ते बदलायचे म्हटले तर बहुतेक ठिकाणी नव्याने शुल्क भरावे लागते.